आप्पांच्या कागदावर ‘एनएस ३ + पीएससी’ : मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबायचं का?

वडगावचा_मागवाला

नमस्कार मंडळी. आप्पांचं वय ६८, बेळगावच्या वडगावात घरचाच पॉवरलूम, अजून रोज पाच-सहा तास मागावर उभे असतात. साखर बारा वर्षांपासून आहे, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ८.१. गेल्या आठवड्यात डोळे तपासून आणले. कागदावर असं लिहिलंय :

उजवा : जुन्या चष्म्यातून ६/६०, नव्या नंबरानं ६/१८. एनएस ३ + पीएससी.
डावा : जुन्या चष्म्यातून ६/१२, नव्या नंबरानं ६/९. एनएस २.
डोळ्याचा दाब १६ आणि १७. उजव्याचं फंडस ‘हेझी’.
उजव्याचा नंबर दीड वर्षापूर्वी −१.५ होता, आता −४. डाव्याचा −२.

ही अक्षरं कशाची? नंबर एवढा वाढला, तरी पेपर मात्र चष्मा काढून वाचतात, म्हणून शेजारचे म्हणतात नजर परत आली. दुपारी उन्हात गेलं की समोरचा माणूस ओळखत नाही, आणि दिवेलागणीला बरं दिसतं म्हणतात. मागावर नेव्ही ब्ल्यू आणि काळा धागा त्यांना एकच वाटतोय, काठात दोनदा चूक गेली. घरात सगळ्यांचं एकच, ‘पिकू दे, मग काढू.’ थांबायचं का? आणि करायचंच तर फेको की बिनटाक्याची साधी?

चष्मेवाला_खानापूर

तुमच्या कागदातच बहुतेक उत्तरं आहेत.

आधी एक गैरसमज काढू. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यावर आलेला पडदा नव्हे. बाहुलीच्या मागे मसुराच्या दाण्यासारखं दोन्ही बाजूंनी फुगीर भिंग असतं, रुंदीला ९-१० मिलिमीटर. त्यात रक्तवाहिनी नाही. दोन तृतीयांश पाणी आणि बाकी प्रथिनं, आणि ती इतकी शिस्तीत बसलेली की उजेड आरपार जातो. जन्मभर बाहेरून नवे थर चढत राहतात आणि जुने मध्ये दाबले जातात, कांद्यासारखं. जुना थर बाहेर टाकायची सोयच नाही. म्हणून मधली प्रथिनं वयानं बिघडली की तिथंच गुठळ्या धरतात आणि उजेड अडवतात, विखुरतात. भिंगच गढूळ झालेलं असतं, त्यामुळे वरून काही घालून ते धुऊन निघत नाही.

एनएस म्हणजे हा मधला गाभा कठीण आणि पिवळा होणं. १ म्हणजे नुसती पिवळसर झाक, ३ म्हणजे गुळाच्या पाकासारखा रंग. पीएससी म्हणजे भिंगाच्या मागच्या बाजूला, वेष्टनाच्या अगदी आतून आलेला डाग. साखरवाल्यांत आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांत हा जास्त दिसतो.

आता आप्पांच्या तक्रारी या दोन शब्दांवर ठेवून बघा.

पेपर : गाभा कठीण झाला की भिंग उजेडाला जास्त वाकवतं आणि मायनस नंबर वाढतो. −४ नंबरचा डोळा चष्म्याशिवाय १ भागिले ४ मीटरवर, म्हणजे २५ सेंटिमीटरवर फोकस होतो. पेपर नेमका तिथंच धरला जातो. नजर परत आलेली नाही, मोतीबिंदूच नजरेला जवळ ओढतोय. पीएससी वाढली की हे वाचनही जाईल.

ऊन : पीएससीचा डाग बरोबर मधोमध असतो. उन्हात बाहुली दोन मिलिमीटरपर्यंत आवळते आणि सगळा उजेड त्या डागातूनच जातो. सांजेला बाहुली उघडते, कडेनं उजेड आत शिरतो. म्हणून दुपारपेक्षा संध्याकाळ बरी. रात्री मात्र समोरच्या गाडीच्या दिव्यानं डोळे दिपतात. रात्री दुचाकी चालवत असतील तर आजपासून थांबवा.

धागा : पिवळं भिंग जांभळा-निळा उजेड गिळतं. नेव्ही ब्ल्यूमधला निळा डोळ्याच्या मागच्या पडद्यापर्यंत पोचतच नाही, मग तो काळाच दिसणार. घरी बघायचं तर पांढऱ्या धोतरावर नेव्ही आणि काळी, अशा दोन कांड्या शेजारी ठेवा, दाराशी दिवसाच्या उजेडात, ट्यूबखाली नको. एक डोळा तळहातानं झाका, मग दुसरा. उजव्यानं धोतर मळकट पिवळं दिसेल आणि कांड्या ओळखू येणार नाहीत. डाव्यानं फरक थोडा तरी कळेल. तोवर काठाचे रंग दुसऱ्या कुणाकडून बघून घ्यावेत.

६/१८ म्हणजे निरोगी डोळा १८ मीटरवरून जे वाचतो ते हा डोळा ६ मीटरवरून वाचतो. नव्या नंबरानं ६/६० वरून इथवर येतंय, म्हणजे अर्धी अडचण नंबराची होती. शस्त्रक्रिया नक्की ठरेपर्यंत महागडा चष्मा करू नका, दोन-तीन महिन्यांत फुकट जाईल. शिवाय तपासणीच्या दिवशी साखर चढलेली असेल तर भिंग पाणी धरतं आणि नंबर चुकीचा येतो. साखर आटोक्यात आल्यावर एकदा परत बघून घ्या.

नेत्रशल्य_चिकोडी

थांबायचं का, तेवढंच आधी सांगतो. उजव्यासाठी नाही.

‘पिकू दे’ हा सल्ला त्याच्या काळात खरा होता. तेव्हा मोठा छेद घेऊन भिंग वेष्टनासकट काढत. पिकलेलं भिंग सुटायला सोपं. आणि आत बसवायला काही नसे, म्हणून माणसाला +१० च्या आसपासचा जाड चष्मा मिळे, त्यातून वस्तू पाव पटीनं मोठ्या दिसत. थोडी नजर शिल्लक असताना असा चष्मा देणं तोट्याचंच होतं. डॉ. एम. सी. मोदींनी आपल्या कर्नाटकात गावोगाव नेत्रशिबिरं घेतली त्या काळातले कित्येक आजी-आजोबा असे जाड चष्मे लावून असत, त्यावरून हा समज घराघरात बसला. डोळ्यात कृत्रिम भिंग रिडले यांनी लंडनमध्ये १९४९ साली पहिल्यांदा बसवलं, आपल्याकडे ते सर्रास व्हायला पुढं कित्येक वर्षं गेली.

आज उलटं आहे. गाभा जितका कठीण तितकी फेकोत भिंग फोडायला अल्ट्रासाउंडची ताकद जास्त लागते, आणि ती बुबुळाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाच्या, आतल्या पेशींना सोसावी लागते. या पेशी नव्यानं तयार होत नाहीत. त्या खूप कमी झाल्या तर बुबुळ सुजून पांढरट होतं, आणि मग उत्तम बसवलेल्या भिंगाचाही उपयोग नाही. अति पिकलेलं भिंग फुगून डोळ्याचा दाब चढवतं, किंवा त्यातला द्रव पाझरून तेच होतं. डोळा लाल, कपाळ ठणकतंय, उलटी, नजर एकदम कमी : असं झालं तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री निघा. दाबानं मागची नस गेली तर ती नजर परत येत नाही.

मात्र घाबरून याच आठवड्यात टेबलावर घेण्यासारखंही काही नाही. काम अडलं की काढायचा, हा नियम. आप्पांचं काम अडलंय.

आता मला खटकतोय तो ‘हेझी फंडस’. बारा वर्षांची साखर, एचबीए१सी ८.१, आणि मागचा पडदा स्वच्छ दिसलेला नाही. नजर कमी आहे ती सगळी मोतीबिंदूमुळेच, हे अजून ठरलेलं नाही. बाहुली मोठी करून पडदा परत बघायला हवा. मधोमध सूज आहे का यासाठी ओसीटी (पडद्याच्या थरांचा स्कॅन), आणि अजिबात दिसत नसेल तर बी-स्कॅन सोनोग्राफी. सूज असेल तर आधी किंवा बरोबरीनं तिचा उपचार, नाहीतर ऑपरेशननंतर ती वाढते. दाब १६-१७ ठीक आहे (१० ते २१ मध्ये), पण काचबिंदू नुसत्या दाबावरून ठरत नाही, नसेचं तोंड बघावं लागतं. मोतीबिंदूनं गेलेली नजर परत मिळते, काचबिंदूनं गेलेली मिळत नाही. नावं सारखी म्हणून लोक दोन्हींची गल्लत करतात आणि काचबिंदूलाही ‘पिकू दे’ म्हणत बसतात. याचं मला फार वाईट वाटतं.

साखरेसाठी महिनोन्‌महिने लांबवू नका. बहुतेक ठिकाणी शस्त्रक्रियेच्या दिवशी २०० च्या आत असली तर घेतात. पण एकदम दोन आठवड्यांत खाली आपटण्यापेक्षा हळूहळू उतरवा.

फेकोत छेद २.२ ते २.८ मिलिमीटर, भिंग आत फोडून ओढून घेतात, घडीचं भिंग त्याच छेदातून आत जातं. दुसऱ्या पद्धतीत, एसआयसीएसमध्ये, पांढऱ्या भागातून ६-७ मिलिमीटरचा तिरका बोगदा करून गाभा अख्खा काढतात. बोगदा आपोआप मिटतो, टाका बहुधा लागत नाही. एनएस ३ ला दोन्ही चालतात. काळपट-तपकिरी गाभ्याला बऱ्याच सर्जनांच्या हातात एसआयसीएस जास्त सुरक्षित. म्हणून शिबिरात फेको नाही म्हणजे हलकं काम, असं समजू नका. तिरका (सिलिंडर) नंबर थोडा जास्त राहतो आणि डोळा स्थिरावायला एक-दोन आठवडे जास्त जातात, एवढाच फरक. ज्या सर्जनचा हात ज्या पद्धतीवर बसलाय ती त्याला करू द्यावी.

वडगावचा_मागवाला

डॉक्टरसाहेब, पडदा तपासायचं लगेच बघतो. भिंगाचं विचारायचं राहिलं. एका ठिकाणी मल्टिफोकल सांगितलं, ‘चष्माच लागणार नाही’ म्हणून. मागावर ते घ्यावं का?

नेत्रशल्य_चिकोडी

घेऊ नका. मल्टिफोकल भिंग उजेड वाटून जवळ-लांब दोन्हीकडे देतं, त्यामुळे प्रत्येक अंतराला तो कमी पडतो आणि काळ्यावर नेव्ही ओळखायची धार बोथट होते. रात्री दिव्याभोवती कडी दिसतात. आणि साखरेनं पडद्याला पुढं काही झालं तर हेच भिंग अडचण करतं. साधं एका अंतराचं मोनोफोकल घ्या, आणि अंतर कुठलं यावर डोकं लावा.

रिवाजानं सगळ्यांना लांबचं शून्य करून देतात. मग जवळच्या कामाला साधारण +२.५ चा चष्मा, जो ४० सेंटिमीटरला बसतो. पण मागावर तुटलेला धागा जोडताना डोळा ते फणी अंतर किती? टेप लावून मोजा, आप्पांना नेहमीसारखं उभं करून. ५० सेंटिमीटर आलं तर त्याचा हिशोब −२. आप्पा चष्म्यावरच राहिलेले, आणि डावा डोळा आजही −२ वर आहे. तेव्हा उजवाही −१.५ ते −२ ला ठेवा म्हटलं तर मागावर चष्मा नको, बाहेर जाताना नेहमीसारखा चष्मा, आणि दोन डोळ्यांत फरक राहत नाही. शून्य केलं तर २ नंबरचा फरक पडतो. तो पुष्कळांना चष्म्यात चालतो, पण डावा पुढं −४ कडे सरकला की दोन्ही चित्रं लहान-मोठी होतात आणि डोकं गरगरतं. मग दुसरं ऑपरेशन लवकर करावं लागतं.

हे बोलणं भिंगाची पॉवर काढण्याआधी व्हायला हवं. डोळ्याची लांबी मोजूनच पॉवर निघते, आणि लांबीत १ मिलिमीटर चूक झाली तर नंबर अडीच-तीननं चुकतो. मोजताना आप्पांनी हलायचं नाही, समोरच्या खुणेकडेच बघायचं. तिरका नंबर दीडच्या पुढं असेल तरच टोरिक, म्हणजे तो तिरका नंबर भरून काढणाऱ्या, भिंगाचा विचार.

औषधवाला_निपाणी

वरती स्टेरॉइडचा उल्लेख आलाच आहे, म्हणून थेंबांचं लिहितो.

मोतीबिंदू विरघळवणारा थेंब अजून निघालेला नाही. ‘साफ करतो’ म्हणून विकला जाणारा कुठलाही थेंब, मध, एरंडेल, कांद्याचा रस, यानं भिंगाला काही होत नाही. डोळा मात्र बिघडू शकतो.

त्याहून धोक्याचं म्हणजे लाल डोळ्याला चिठ्ठीशिवाय घेतलेली डेक्सामेथासोनची, म्हणजे स्टेरॉइडची, बाटली. तीन दिवसांत लाली जाते, म्हणून माणूस वर्षभर घालत राहतो. त्यानं मोतीबिंदूही होतो आणि दाब वाढून काचबिंदूही. उसाचं पान किंवा भाताचं तूस लागलेल्या डोळ्यात तर ती कधीच घालू नये, बुरशीचा जंतू असेल तर बुबुळाला भोक पडेपर्यंत वाढतो. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांतही काही वेळा स्टेरॉइड सापडतं. आप्पा असलं काही घेत असतील तर डॉक्टरांना दाखवा. एकदम बंदही करू नका.

गोळ्यांची यादी नेताना एक नाव आवर्जून लिहा : टॅमसुलोसिन, लघवी अडवणाऱ्या प्रोस्टेटच्या गाठीसाठी देतात ती. तिनं ऑपरेशनच्या वेळी बाहुली ढिली पडते आणि आवळते. बंद केल्यानं फारसा फरक पडत नाही, पण सर्जनला आधी ठाऊक असलं की तो तयारीनं बसतो. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनानं थांबवू नका.

ऑपरेशननंतर बहुधा दोन बाटल्या मिळतात. अँटिबायोटिक एक-दोन आठवडे, आणि प्रेडनिसोलोन, जे दर आठवड्याला कमी करत चार-सहा आठवडे चालतं. दुसरी पांढरट असते, औषध तळाशी बसतं. न हलवता घातली तर सुरुवातीला नुसतं पाणी पडतं आणि शेवटी सगळं औषध. दोन थेंबांत पाच मिनिटं, नाहीतर दुसरा पहिल्याला वाहून नेतो. एका वेळी एकच थेंब. खालची पापणी ओढून तिथल्या खळग्यात सोडा, मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर बोटानं दाबा. टोक पापणीला लागू देऊ नका. उघडल्यावर महिन्यानं बाटली टाकून द्या, घरात दुसऱ्या कुणाचा डोळा लाल झाला तर ती काढायची नाही.

ओटी_सिस्टर

आदल्या दिवशी डोक्यावरून अंघोळ आणि दाढी उरकून घ्या दादा, नंतर दहा-पंधरा दिवस डोक्यावरून पाणी नाही. खोकला असेल तर आधी बरा करा. दहा-वीस मिनिटं उताणं, न हलता पडायचंय, मध्येच ठसका आला तर आत हत्यार असतं. खोकला येतोय वाटलं तर हात न हलवता तोंडानं सांगायचं, सर्जन थांबतात. साखरेची गोळी आणि नाश्ता यांचं आदल्या दिवशी नीट विचारून घ्या, मनानं उपाशी नेऊ नका.

तपासणीला जाताना आप्पांना दुचाकी चालवू देऊ नका. बाहुली मोठी करायचा थेंब चार-सहा तास उतरत नाही.

आपल्याकडे कागद बहुतेक कन्नडात असतात, सही करण्याआधी चार शब्द तरी ओळखा. कण्णिन पोरे म्हणजे मोतीबिंदू. बलगण्णु उजवा डोळा, एडगण्णु डावा. तुमच्या कागदावर आणि कपाळाच्या खुणेवर बलगण्णुच आहे ना, हे बघितल्याशिवाय सही करू नका. थेंबांच्या चिठ्ठीवर हनि म्हणजे थेंब, बेळिग्गे म्हणजे सकाळी. नोवु म्हणजे दुखणं, रात्री फोन करायची वेळ आली तर हाच शब्द लागतो.

पहिल्या दिवशी धूसर, थोडं खुपणं, पाणी : चालतं. दुखणं रोज कमी व्हायला हवं. दुसऱ्या ते सातव्या दिवसात दुखणं वाढलं, लाली वाढली, पापणी सुजली, किंवा काल दिसत होतं त्यापेक्षा आज कमी दिसतंय, तर तो आत शिरलेला जंतू असू शकतो. तासांचा खेळ आहे, उद्याची तारीख घेऊ नका. विजा चमकल्यासारखं किंवा कडेनं काळा पडदा आला तरी तसंच. म्हणून माझं मत, ऑपरेशन अशा ठिकाणी करा जिथं रात्रीही तासाभरात पोचता येईल. मिरज, कोल्हापूर, हुबळीला चांगली सोय आहे, पण तपासणीला दुसऱ्या दिवशी, आठवड्यानं आणि महिन्या-दीड महिन्यानं जावं लागतं, आणि तिसऱ्या रात्री दुखलं तर शंभर किलोमीटर कुठं पळणार? राष्ट्रीय अंधत्व आणि दृष्टिदोष नियंत्रण कार्यक्रमात सरकारी दवाखान्यांत हे ऑपरेशन मोफत होतं. सिव्हिलला जाताना रेशन कार्ड, आधार, जुने सगळे कागद घेऊन जा.

आठवडाभर रात्री डोळ्यावर प्लॅस्टिकची वाटी चिकटवा, झोपेत हात जातोच. महिनाभर जड उचलायचं नाही, बीमचं रोल तर नाहीच. आणि मागाच्या खोलीत किमान तीन आठवडे पाऊल नको, हवेत कापसाची कूस असते.

उद्यमबाग_फौंड्री

मध्येच विचारतो. भट्टीसमोर वीस-वीस वर्षं काम करणाऱ्यांना लवकर होतो म्हणतात, खरं का?

चष्मेवाला_खानापूर

खरं आहे. तापलेल्या धातूतून निघणारा इन्फ्रारेड भिंगाला तापवतो, काच फुगवणाऱ्या आणि भट्टीवरच्या कामगारांत हा मोतीबिंदू जुन्या काळापासून माहीत आहे. साधा काळा गॉगल तो अडवत नाही, उलट बाहुली उघडून जास्त आत घेतो. इन्फ्रारेड अडवणारा म्हणून प्रमाणित असलेलाच भट्टीचा चष्मा मागा. बिडी-सिगारेटनं एनएस लवकर येतो, तीही सोडायला सांगा.

मागवाले दादा, एक राहिलं. पट्टी निघाल्यावर आप्पा म्हणतील सगळं निळं-निळं दिसतंय. इतकी वर्षं पिवळ्या भिंगातून बघितलेलं असतं, काही आठवड्यांत मेंदू जुळवून घेतो. त्या दिवसांत काठाचे रंग ठरवायला बसवू नका. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी परत धूसर झालं तर मोतीबिंदू उगवलेला नसतो, मागं ठेवलेल्या वेष्टनावर जाळी धरलेली असते. याग लेसरनं पाच मिनिटांत मधोमध खिडकी करून देतात, छेद लागत नाही. चष्म्याचा पक्का नंबर फेकोला चार आणि एसआयसीएसला सहा आठवड्यांनी काढा. येताना फणीचं ते टेपनं मोजलेलं अंतर कागदावर लिहून आणा.